प्रकल्प नोंदी : कुंकू, कलप आणि कोन

बारावी विज्ञान, पर्यावरण शिक्षण प्रकल्प, सांगली. नोंदी मार्गदर्शक शिक्षिकेच्या.

४ जुलै २०२५

विषय ठरला : सौंदर्यप्रसाधनांतले घातक घटक. यंदा 'कचरा व्यवस्थापन' आणि 'पर्जन्यजल संधारण' यांतून सुटका झाली, एवढ्यावरच मी खूश. मुलांनी विषय उचलला तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका यादीवरून. शाम्पूतल्या पॅराबेनने कर्करोग होतो, शाम्पूला फेस आणणारं एसएलएस म्हणजे फरशी पुसायचं रसायन, असा सगळा मामला. विश्रामबागच्या मुलीने तर घरातल्या बाटल्यांची लेबलं एका ॲपमधून फिरवून आणली आहेत. ॲपने प्रत्येक नावापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका ठेवलाय. नाव जितकं लांबलचक, तितका ठिपका लाल, असा माझा अंदाज.

गट पाच जणांचा. घरच्या वस्तू आणायच्या म्हणजे घरच्या गोष्टीही बाहेर येणार. म्हणून वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही, गावावरून ओळखायचं : मिरज, हरिपूर, विटा, कवठे महांकाळ, विश्रामबाग. दुकानाचं किंवा कंपनीचं नावही अहवालात येणार नाही. कॉलेजच्या ओट्यावर केलेली चाचणी कायद्यापुढे उभी राहत नाही, आणि राहूही नये.

पहिलं काम : नुसत्या बाटल्या आणू नका. आंघोळीपासून देवपूजेपर्यंत अंगाला, केसांना, डोळ्यांना, कपाळाला जे जे लागतं ते चिमूटभर का होईना, आणा.

९ जुलै

टेबल भरलं. साबण, शाम्पूच्या पुड्या, पावडर, तीन प्रकारची टिकल्यांची पाकिटं. कवठे महांकाळची आजी आषाढीहून परतली, तिच्या पिशवीतलं पंढरपूरचं कुंकू आणि बुक्का. मिरजेने नानीची सुरमेदाणी आणली. विट्याने मारुतीच्या देवळाबाहेरून शेंदूर. हरिपूरने वडिलांच्या कलपाची पुडी आणली आणि वर ताकीद दिली, "मॅडम, घरी फोन आला तर सांगू नका हं. पप्पांचे केस अजून आपोआप काळे आहेत."

कवठे महांकाळने सर्वांत शेवटी एक पांढरी प्लॅस्टिकची डबी काढली. वर काही लिहिलेलं नाही. "ताईची नाइट क्रीम. पार्लरमधनं मिळते." ती बाजूला ठेवली.

मग लेबलं वाचायला बसलो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे वेष्टनावर घटकांची यादी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, त्यानंतर एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत हेही हवं. माल आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. मात्र घटकांच्या यादीला एक पळवाट नियमातच आहे : द्रव माल ६० मिलीपेक्षा आणि घट्ट माल ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर यादी छापली नाही तरी चालते. आपल्या तालुक्यांत जे खपतं ते बहुतेक दोन-पाच रुपयांच्या पुडीत आणि पंधरा-पंचवीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये. म्हणजे ज्याची ऐपत मोठी बाटली घ्यायची, त्यालाच वाचायला मिळणार.

टेबलावर तीन ढीग केले. पूर्ण लेबलचा एक, यादी नसलेल्या पुड्यांचा एक, आणि लेबलच नसलेल्यांचा एक. तिसऱ्यात कुंकू, बुक्का, शेंदूर, सुरमा आणि ती डबी. ॲप, यादी, यूट्यूब, सगळं भांडण चाललंय ते पहिल्या ढिगावर. मी मुलांना म्हटलं, आपण तिसऱ्यापासून सुरू करू. विश्रामबाग नाराज झाली. पॅराबेनला एक बैठक द्यायचं कबूल केलं.

१२ जुलै

पॅराबेनची बैठक. पाणी असलेल्या कोणत्याही क्रीमला बुरशी आणि जंतू धरतात. ते रोखायला जे घालतात त्यांतलं हे एक. घबराट सुरू झाली २००४ साली. ब्रिटनमध्ये फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. शेजारच्या निरोगी ऊतीत ते किती होतं, याची तुलना त्यात नव्हती, आणि पॅराबेनमुळे गाठ झाली असा दावाही नव्हता. पुढे बातमीची मात्र गाठ झाली.

पॅराबेन अगदी निर्धोक आहेत असंही नाही. लांब साखळीच्या पॅराबेनची इस्ट्रोजेनसारखी क्षीण क्रिया असते. युरोपने २०१४ मध्ये पाच पॅराबेन बंद केले, प्रोपिल आणि ब्यूटिलवर कडक मर्यादा घातली, मिथिल आणि इथिल ०.४ टक्क्यापर्यंत ठेवले. लोक घाबरले म्हणून अनेक कंपन्यांनी पॅराबेन काढून मिथिलआयसोथायझोलिनोन नावाचा संरक्षक घातला. त्याने त्वचेच्या ॲलर्जीची लाटच आली. अमेरिकेतल्या संपर्क त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं, आणि त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला 'ॲलर्जीकारक नसलेला' असा उलटा मान दिला. विश्रामबागने ॲप उघडून पाहिलं. पॅराबेन लाल, आणि तिच्या 'पॅराबेनमुक्त' शाम्पूच्या यादीत शेवटून दुसरं नाव मिथिलआयसोथायझोलिनोन.

तिने ॲप काढून टाकलं नाही. माझंही तसं म्हणणं नव्हतं.

१९ जुलै

कुंकू. आज वेळ कसा गेला कळलं नाही.

सांगलीत कुंकवाचा प्रयोग म्हणजे हळदीपासून सुरुवात आलीच. हरिपूरच्या मुलाच्या घराण्याची पूर्वी पेवं होती, जमिनीखाली हळद साठवायची. २००५ च्या पुरात त्या भागातली बरीच पेवं गेली. आता हळद मार्केट यार्डातून. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मुलांना पाठ आहे. हळद लाल कशी होते, ते मात्र त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं.

दोन कुंकवं घरी बनवून गेल्या आठवड्यात सुकायला ठेवली होती. एक हळद आणि चुन्याचं, दुसरं हळद, टाकणखार आणि लिंबाच्या रसाचं. चुन्याचं झटक्यात लालभडक झालं आणि आज पाहतो तर विटकरी, मातकट. कारण कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं खरं, पण तिथे टिकत नाही, तुटत जातं. टाकणखाराचं हळूहळू चढलं आणि तसंच राहिलं. टाकणखारात बोरॉन असतं. आम्लाच्या संगतीत बोरॉन आणि कर्क्युमिन बांधले जातात, त्या जोडगोळीचा लाल रंग पक्का. ज्या बायकांनी ही कृती बसवली त्यांना बोरॉन माहीत नव्हतं, टिकाऊ रंग माहीत होता.

यूट्यूबवर एक चाचणी फिरते : कुंकवावर लिंबू पिळा, पिवळं पडलं तर अस्सल, लाल राहिलं तर भेसळ. करून पाहिली. चुन्याचं लगेच पिवळं झालं. टाकणखाराचं, म्हणजे दोहोंतलं जे चांगलं ते, लालच राहिलं. त्या व्हिडिओप्रमाणे ते भेसळीचं! धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकल्यावर मात्र फरक दिसला : टाकणखाराचं कुंकू हिरवट काळं पडलं. गणपती पेठेतून सुटं आणलेलं कुंकू लिंबालाही ढिम्म, सोड्यालाही ढिम्म. रंग जसाच्या तसा.

मग गाळण कागदाच्या पट्ट्या. खाली कुंकवाचा ठिपका, टोक पाण्यात. हळदीचा रंग पाण्यात चालत नाही, ठिपका जागेवर राहतो. पेठेतल्या नमुन्यातून मात्र गुलाबी रेघ सरसर वर चढली. आजीच्या पंढरपूरच्या कुंकवात दोन्ही निघालं : गुलाबी पाण्याबरोबर वर गेला, आणि स्पिरिटमध्ये बुडवल्यावर मागे राहिलेल्या ठिपक्यातून पिवळा निघाला. म्हणजे हळद आहे, पण रंग उठावा म्हणून वरून काही घातलंय. आयोडीनचा थेंब टाकल्यावर पेठेतलं निळंकाळं झालं, म्हणजे भर पिठाची.

विट्याच्या मुलाने दुकानातला नोटा तपासायचा अतिनील दिवा आणला होता. खोली अंधारी करून पट्ट्या त्याखाली धरल्या. हळदीची पट्टी हिरवट पिवळी उजळली आणि गुलाबी रेघ नारिंगी पेटली. पाचही जण एकदम ओरडले, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. असा नारिंगी चमकणारा गुलाबी रंग कापड-कागदासाठीच्या रोडामाइन बीचा असतो. तोच आहे असं मी वहीत लिहू दिलं नाही. चमकण्यावरून संशय घेता येतो, नाव देता येत नाही.

कपाळावर काळपट डाग पडणं, खाज येणं हे अशा रंगांच्या कुंकवाने होतं, त्वचेचे डॉक्टर रोज बघतात. टिकलीचं निराळं. तिच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल असेल तर ते रंगपेशींनाच मारतं, आणि टिकलीच्या मापाचा पांढरा चट्टा उमटतो. तो पसरूही शकतो. कवठे महांकाळ म्हणाली, "आमच्या काकूला आहे की तसा. कोड म्हणून तिच्या पोरीचं लग्न अडलंय." सगळे गप्प झाले. मी तिला सांगितलं, काकूला आधी टिकली बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू दे.

आजीला काय सांगायचं, हा प्रश्न शेवटी राहिलाच. विठोबाच्या पायाशी ठेवून आणलेलं कुंकू आहे ते. नात म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवू दे की. कपाळाला आपण बनवलेलं देते."

२८ जुलै

उद्या नागपंचमी. वर्गात निम्म्या मुलींचे हात रंगलेले. काहींचे तपकिरी, काहींचे कोळशासारखे काळे. काळं कुठून आलं विचारलं, तर मारुती रोडच्या गाडीवरचा कोन, "एका तासात रंगतं मॅडम, रात्रभर ठेवायचं नाही."

मेंदीच्या पानातला रंग लॉसोन. तो कातडीत मुरायला तास न् तास लागतात. काढल्यावर आधी केशरी दिसतो, दुसऱ्या दिवशी गडद होतो. एका तासात काळं होणं त्याच्या बसची गोष्ट नाही. तिथे पॅरा-फिनिलीनडायअमिन, पीपीडी, असतं, कलपात असतं तेच. शिवाय खरी भिजवलेली मेंदी बाहेर दोन-चार दिवसांत उतरते. महिनोन् महिने दोरीला लटकत राहणारा कोन नुसत्या पानाचा कसा असेल? कोनावर परवाना क्रमांक नाही, घटक नाहीत, एका नटीचा फोटो आहे.

पीपीडीचा धोका पुढचा आहे. एकदा शरीराने त्याची ओळख धरली की ती जन्मभर जात नाही. आज हातावर पुरळ उठेल, आणि चाळिशीत पहिल्यांदा कलप लावला की डोळे उघडणार नाहीत इतका चेहरा सुजेल. २००६ साली पीपीडीही 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरला होता. मिरज म्हणाली, "म्हणजे आत्ता लावायचं आणि लग्नानंतर फेडायचं." तिचं वाक्य पोस्टरवर घ्यायचं ठरलं.

२ ऑगस्ट

कलप. पुडीवर बारीक अक्षरात सूचना : काही जणांना त्वचेचा त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. ही सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापायची सक्ती आहे. चाचणी सोपी : कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कालवलेला कलप लावून चोवीस तास ठेवायचा, आणि दर वेळी करायची. गटातल्या कुणाच्याही घरी आजवर कुणी केलेली नाही. हरिपूरच्या मुलाने सलूनवाल्याला विचारलं, तो हसला. पोटात गेला तर कलप जीवघेणा असतो : घसा सुजून श्वास अडतो, स्नायू आणि मूत्रपिंड निकामी होतात. पुड्या लहानांच्या हाताला लागू नयेत, हे अहवालात ठळक करायचं.

११ ऑगस्ट

शेंदूर. हा प्रयोग मी केला, मुलांनी हातमोजे घालून लांबून पाहिला.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं ऑक्साइड. वजनाचा हिशेब मुलांकडून करून घेतला : नव्वद टक्क्यांहून थोडं जास्त नुसतं शिसं. सौंदर्यप्रसाधनांतल्या रंगांत शिसं दशलक्षात २० भागांपर्यंतच चालतं. विट्याचा मुलगा दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहून बराच वेळ बघत राहिला.

दोन नमुने, देवळाबाहेरचा एक आणि पूजेच्या पाकिटातला एक. दोन्हींवर विरळ नायट्रिक आम्ल. पाकिटातला तसाच राहिला, तो बहुतेक दुसऱ्याच रंगाचा. देवळाबाहेरचा बघता बघता चॉकलेटी झाला. तांबड्या ऑक्साइडमधलं काही शिसं आम्लात उतरतं आणि तपकिरी ऑक्साइड तळाशी राहतं. वरचं नितळ पाणी गाळून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. पिवळाधमक साका. तापवला, पाणी रंगहीन. नळी थंड पाण्यात धरली आणि सोनेरी चकत्या भिरभिरत खाली यायला लागल्या. प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात ही चाचणी सगळ्यांनी वाचलेली, मार्कांसाठी. "इतकं सुंदर दिसतंय आणि हे तेलातनं मारुतीला?" असं विट्याने विचारलं.

मारुतीला काही होत नाही. शेंदूर चोपडणाऱ्या पुजाऱ्याच्या हाताचा, आणि पाया पडून बोट कपाळाला अन् मग तोंडात घालणाऱ्या पोराचा प्रश्न आहे. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत न्यू जर्सी आणि भारतातल्या भांगात भरायच्या शेंदराचे ११८ नमुने घेतले होते, बहुतेकांत कमीजास्त शिसं निघालं. आपल्याकडे भांग भरायची चाल कमी, पण उत्तरेकडची कुटुंबं आता सांगलीत, कुपवाडच्या कारखान्यांच्या भागात पुष्कळ आहेत.

मिरजेच्या नानीच्या सुरम्याचंही तेच : आम्लात गरम करून गाळला, पिवळा साका आला. चकाकणारा काळा सुरमा बहुधा शिशाचं सल्फाइड असतो. "नानी म्हणेल, चाळीस वर्षं घालतेय, काही झालं नाही. मी नानीशी भांडणार नाही. छोट्याच्या डोळ्यांत घालू देणार नाही, बस." हा मला व्यवहारी तोडगा वाटला.

शिशाचं सगळं पाणी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत साठवलंय. बेसिनमध्ये नाही. बेसिनचं शेवटी कृष्णेत जातं.

२१ ऑगस्ट

नदीचं पाणी वाढतंय. हरिपूर आलं नाही. काम बंद.

१० सप्टेंबर

गणपती उरकले. आज ती पांढरी डबी.

कवठे महांकाळच्या ताईचं लग्न ठरलंय. पार्लरवालीने दोन गोष्टी दिल्या होत्या. एक ट्यूब, तिचा खोका फेकलेला. ट्यूबवर बारीक अक्षरं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. वांगावर डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात. मोमेटासोन हे स्टेरॉइड. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. ट्यूबवर चिठ्ठीच्या औषधाची लाल रेघही होती. पण ती पार्लरच्या ड्रॉवरमधून आली, तिथे रेघ कोण बघतो.

ताईचा अनुभव नात्यातल्या चार जणींसारखाच. तीन आठवड्यांत रंग उजळला, सगळ्यांनी विचारलं काय लावतेस. मग ऊन सोसेना, गाल लाल, बारीक लव, पुटकुळ्या. थांबवलं की आग, म्हणून पुन्हा लावायचं. स्टेरॉइड सोडल्यावर हा दाह उसळतो, आणि उसळला की बाईला वाटतं क्रीम चांगलं होतं, सोडलं म्हणून बिघडलं. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी या चेहऱ्याला नाव दिलंय : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. एकदम न सोडता त्वचेच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडायचं, असं ताईला फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यात मिरजेला डॉक्टरांकडे जाते म्हणाली.

डबीतलं क्रीम वेगळं. राखाडी छटा, मंद धातूसारखा वास. पार्लरवालीची सूचना ताईला आठवली : "लावताना अंगठी, चेन काढून ठेवायची, सोन्याला लागू द्यायचं नाही." हे ऐकून माझे कान टवकारले. सोन्याला जपायला सांगणारं क्रीम म्हटलं की पाऱ्याचा संशय घ्यावा. पारा रंगद्रव्य तयार होणं अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. स्वस्त पडतो, म्हणून घालतात. कॉलेजच्या ओट्यावर मी मुलांसमोर पारा हाताळणार नाही. विटा म्हणाला, "मामाला विचारू काय?"

१३ सप्टेंबर

विट्याला गेलो. खानापूर-आटपाडीचा हा पट्टा गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायला इथली माणसं देशभर पसरलीत. मामांनी निम्मं आयुष्य केरळात काढलं, आता गावी आलेत. ओळखीच्या हॉलमार्क केंद्रात क्ष-किरणांचं यंत्र आहे, सोन्याचा कस न घासता सांगणारं.

डबी पाहून मामांनी आधी स्वतःची गोष्ट सांगितली. केरळात बायका पांढरी पडलेली अंगठी घेऊन यायच्या. "आम्ही भट्टीत धरायचो, पुन्हा पिवळी. वाफ कुठं जाती, कोण बघतंय?" पारा उडून गलाईवाल्याच्या छातीत जातो. हातांना थरथर आहे त्यांच्या, कशाने ते मी विचारलं नाही.

क्रीम चेन असलेल्या पिशवीत सीलबंद करून ठेवलं. तुलनेला लेबल असलेलं एक साधं कोल्ड क्रीम, तशाच पिशवीत. साध्या क्रीममध्ये पडद्यावर सपाट रेघ. डबीच्या क्रीममध्ये पाऱ्याच्या जागी दोन उंच शिखरं. ऑपरेटर म्हणाला, यंत्र सोन्यासाठी जुळवलेलं आहे, क्रीममधले टक्के खरे धरू नका. आम्ही आकडा घेतलाच नाही. शिखरांचं चित्र मुलांनी वहीत काढून घेतलं.

परतताना एसटीत मी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण मिळाले. त्यांतल्या १५ जणांत त्याचा एरवी क्वचित दिसणारा प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडली आणि मुंबईच्या केईएममध्ये कारण सापडलं, ही २०२३ ची बातमी. लघवीला फेस, पायांवर सूज, ही पहिली खूण. उशी आणि टॉवेलवाटे पारा घरातल्या इतरांनाही लागतो. ताईच्या लघवीची तपासणी त्याच मिरजेच्या फेरीत करून घ्यायची.

१८ सप्टेंबर

आज नुसते कायदे. सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांत ७०. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यातली एक भागाची सूटही २०२३ च्या जिनिव्हाच्या बैठकीत काढली आणि २०२५ नंतर पारा घातलेलं प्रसाधन बनवायचंच नाही असं ठरलं. कुंकू, काजळ, मेंदी पावडर, कलप या सगळ्यांची भारतीय मानकं आहेत. म्हणजे कागदावर पेठेतलं सुटं कुंकूही परवान्याच्या कक्षेत.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चं कलम २६ वाचलं. कोणीही ग्राहक ठरलेली फी भरून विकत घेतलेला माल सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि त्याचा सही केलेला अहवाल त्याला मिळतो. मुलांना हे खरंच वाटेना. खटला सहसा उभा राहतो तो औषध निरीक्षकाने रीतसर घेतलेल्या नमुन्यावर, म्हणून ताईच्या नावाने निरीक्षकांनाही लेखी अर्ज दिला, सोबत शिखरांचं चित्र. ताई सही करायला कचरली. पार्लरवाली तिच्या मैत्रिणीची आई. शेवटी ताईच्या आईने सही केली.

६ ऑक्टोबर

अहवाल बांधून दिला. तीन ढिगांचं पोस्टर जिन्याजवळ लावलं, मिरजेच्या वाक्यासकट. ताईच्या लघवीत प्रथिनं निघाली नाहीत. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. लग्न मार्गशीर्षात आहे, ते पुढे ढकललेलं नाही. विश्लेषकाचा अहवाल यायचाय.

दुपारी एका बचत गटाच्या ताई पोस्टर वाचून आत आल्या. दिवाळीसाठी उटण्याच्या पाकिटांचं काम त्यांनी घेतलंय : कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, मुलतानी माती. "मॅडम, आमचं सगळं नैसर्गिक आहे. लेबल कसं लिहायचं तेवढं पोरांकडनं लिहून द्या." शेंदूरही जमिनीतल्याच धातूचा, असं विश्रामबाग पटकन म्हणाली. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

हरिपूरने विचारलं, मुलतानी माती कुठून घेता, बिल मिळतं का. त्यांनी पिशवी दाखवली, तीवर काहीच नाही. विकायचं म्हणजे उत्पादनाचा परवाना लागतो, हे ऐकून त्या चक्रावल्या : "उटण्याला? आमच्या आजीनं कधी काढला नव्हता." आजीने विकलं नव्हतं, हे कुणी म्हणालं नाही. मुलांनी त्यांच्यासाठी अर्जाच्या कागदांची यादी काढली आणि यंदापुरतं पाकिटं विकण्याऐवजी गटातच वाटा असं सुचवलं. त्या उद्या सगळ्यांशी बोलून सांगते म्हणाल्या. मातीचा नमुना ठेवून घेतलाय. सोमवारी नायट्रिक आम्लाची नवी बाटली मागवायची.